पेशी मेल्या नाहीत, रक्तातून हलल्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या आरोग्य पुरवणीत ‘जास्त व्यायामाने प्रतिकारशक्ती ढासळते’ अशी ठळक चौकट होती. तिला आधार एकच दिला होता, की दमवणाऱ्या व्यायामानंतर रक्तातल्या लिम्फोसाइट (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) पेशी कमी होतात. कमी होतात हे खरं, पण त्यावरून काढलेला अर्थ चुकीचा आहे. बत्तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासण्यात गेली, म्हणून हे पत्र.

मुळात आधी आकडा वाढतो. माणूस पळू लागला की अॅड्रेनालिन हे संप्रेरक चढतं, रक्ताचा वेग वाढतो आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या पांढऱ्या पेशी सुटून प्रवाहात येतात. सगळ्यात मोठी उसळी नॅचरल किलर पेशींची (हा लिम्फोसाइटचाच एक प्रकार) असते, कारण अॅड्रेनालिनला प्रतिसाद देणारे रिसेप्टर, म्हणजे त्याचा संदेश पकडणारे रेणू, त्यांच्यावर भरपूर असतात. त्या काही पटींनी वाढतात. यात नवीन काही नाही. बॉस्टन मॅरेथॉन धावलेल्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशी वाढल्याची नोंद लॅराबी या डॉक्टरांनी १९०२ मध्येच प्रसिद्ध केली होती.

एकदा लॅबमध्ये एक तरुण धापा टाकत आला आणि आल्या आल्या रक्त देऊन गेला. पांढऱ्या पेशींचा काउंट तेरा हजारांवर! घरचे घाबरले, कुठलं इन्फेक्शन म्हणून विचारू लागले. ताप नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशी त्याला अर्धा तास बसवून रक्त घेतलं, तर साडेसात हजार. तेव्हापासून सुई टोचण्याआधी ‘चालत आलात की पळत?’ असं विचारायची सवय लागली. आजही बऱ्याच ठिकाणी हे कुणी विचारत नाही.

आता चौकटीतला मुद्दा. जोरदार व्यायाम थांबल्यावर तास-दोन तासांत लिम्फोसाइट मूळ पातळीच्याही खाली जातात. त्या मरून गेल्या असं पूर्वी अनेकांना वाटे. पण उंदरांच्या टी पेशींवर (याही लिम्फोसाइटच) खूण करून त्यांचा माग काढला, तेव्हा त्या फुप्फुसांत, आतड्याच्या लसीकाग्रंथींत आणि अस्थिमज्जेत सापडल्या. यातली फुप्फुसं आणि आतडी म्हणजे जंतू शरीरात शिरण्याच्या मोक्याच्या जागा. साधारण दिवसभरात रक्तातला आकडा पूर्ववत होतो. शिवाय शरीरातल्या एकूण लिम्फोसाइटपैकी कोणत्याही क्षणी रक्तात असतात जेमतेम दोन टक्के. एवढ्यावरून प्रतिकारशक्ती ठरवणं म्हणजे फाटकाशी उभं राहून घरातली माणसं मोजणं. (न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी तर याच वेळी कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकामुळे वाढलेल्या असतात, त्यांच्याबद्दल चौकटीत अवाक्षर नाही.)

‘मॅरेथॉननंतर सर्दी होतेच’ असं कुणी म्हणेल. १९८७ च्या लॉस एंजेलिस मॅरेथॉननंतरच्या आठवड्यात १२.९ टक्के धावपटूंनी आजारी पडल्याचं सांगितलं. नाव नोंदवूनही न धावलेल्यांत हे प्रमाण २.२ टक्के होतं. फरक मोठा आहे, पण ही माहिती त्यांनी स्वतः सांगितलेली होती, कुणाच्या घशाची तपासणी झाली नव्हती. दमून घसा कोरडा पडला तरी माणूस सर्दीच समजतो. त्यात गर्दी, प्रवास, आदल्या रात्रीची अपुरी झोप. कॅम्पबेल आणि टर्नर या संशोधकांनी २०१८ मध्ये हा सगळा पुरावा पुन्हा तपासला आणि व्यायामाने प्रतिकारशक्ती दबते ही समजूत चुकीची असल्याचं सविस्तर मांडलं. सगळ्यांना ते पटलंय असं नाही. महिनोन् महिने अतिकठोर सराव करणाऱ्या खेळाडूंबद्दल वाद सुरू आहे. अंगात ताप असताना पळू नये, हेही खरंच.

पण चौकट वाचणारे थोडेच मॅरेथॉन धावतात? २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे हजार प्रौढांवर बारा आठवडे लक्ष ठेवलं होतं. आठवड्यातून पाच किंवा जास्त दिवस व्यायाम करणाऱ्यांचे सर्दी-खोकल्याचे दिवस बैठ्या लोकांपेक्षा ४३ टक्के कमी भरले. तो निरीक्षणाचा अभ्यास होता, त्यामुळे श्रेय सगळं व्यायामाचंच असं मी म्हणणार नाही. पण दिशा चौकटीच्या उलटी आहे.

माझ्या नणंदबाईंनी ते कात्रण फ्रिजवर लावलंय आणि सकाळचं चालणं बंद केलंय. मी सांगून पटत नाही, ‘पेपरात आलंय’ म्हणतात. तेव्हा दुरुस्ती छापाल तर तेवढ्याच ठळक अक्षरांत छापा, म्हणजे ती कापून पहिल्या कात्रणावर चिकटवता येईल.

आपली नम्र,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन