राजगड ते तोरणा: धार सोडू नका

प्रिय सुहास,

राजगड–तोरणा एका दिवसात करायचं ठरवलंयत, तर आधी दिशा पक्की करा: राजगडावरून तोरण्याकडेच. मग तोरण्याच्या बुधला माचीखालचा अवघड टप्पा चढताना लागतो. उलट आलात तर तोच घसाऱ्यावरून उतरावा लागतो, आणि घात होतो तो उतरतानाच.

आदल्या रात्रीचा मुक्काम राजगडाच्या पद्मावती माचीवर. पाणी रात्रीच भरून ठेवा, माणशी चार लिटर. दोन्ही गडांना जोडणाऱ्या धारेवरच्या धनगरवाड्यात ताक-सरबत मिळतं कधी कधी, पण त्या भरवशावर निघू नये. उजाडताच चालायला लागा. संजीवनी माची अडीच किलोमीटरच्या आसपास लांब आहे. तिची दुहेरी, चिलखती तटबंदी डोळे भरून पाहावी अशीच, पण ती आदल्या संध्याकाळी. सकाळी तिथे रेंगाळलात तर तोरण्याचा चढ भर उन्हात येतो.

संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून बाहेर पडलं की लगेच तीव्र उतार, सुटा मुरूम. टाचा रोवत, गुडघे सैल ठेवून उतरायचं. कारवीची झुडपी काठी धरायला सोयीची वाटते, पण सुकलेली असली तर मुळासकट हातात येते. ओढून बघितल्याशिवाय भार टाकू नका.

पुढे चुकतात ते गुरांच्या वाटांमुळे. त्या मळलेल्या असतात, सपाट असतात आणि अलगद बाजूच्या दरीत नेऊन सोडतात. वाट पाच मिनिटं सलग उतरत राहिली आणि धार डोक्यावर गेली, तर गुपचूप मागे फिरा. मध्ये डांबरी रस्त्याची खिंड लागते. तिथे साडेदहा वाजून गेले असतील किंवा कुणाचं पाणी अर्ध्याखाली आलं असेल, तर रस्त्याने सरळ तोरण्याच्या पायथ्याला, वेल्ह्याला उतरा. खिंडीनंतर मधूनच सुटणं सोपं नाही.

शेवटचा चढ उघडा आहे. हिवाळ्यात वाळलं गवत पावलाखाली चटईसारखं सरकतं, म्हणून पाऊल खडकावर किंवा गवताच्या बुंध्यावर. कातळाशी आलात की काठ्या सॅकमध्ये, बाहेर काही लोंबकळत नको. दोन हात, दोन पाय. यातलं एका वेळी एकच हलवायचं. खोबणीवर तळहाताने थापटून पाहा, पोकळ आवाज आला तर ती सोडा. एकाच्या बरोबर खाली दुसऱ्याने थांबू नये, कारण दगड सुटतातच. लोखंडी शिडीवर एका वेळी एकच जण. नवखे असतील तर तीस मीटरचा दोर आणि तो बांधता येणारा माणूस हवा; नुसत्या दोराने काही होत नाही. अत्तर, धूर अजिबात नको, कड्यांत आग्यामोहोळं असतात.

तोरण्यावरच्या मेंगाई मंदिरापाशी पोचायला सात-आठ तास धरा. तिथून बिनी दरवाजाने वेल्ह्यात उतरायला दोन तास, आणि तो उतारही अंधारात करण्यासारखा नाही. गाडी राजगडाच्या पायथ्याला, गुंजवण्यात ठेवली तर परत आणायची कशी, हे आधीच ठरवा.

तुझा,
नंदू