नव्या मोठ्या बाईंसाठी आवाहन : रजिस्टरं, कौलं आणि तुमचे दोन तास

माजी विद्यार्थिनी, पालक आणि शाळेचे सर्व हितचिंतक यांस,

आपल्या मुलींच्या शाळेच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, ३१ मे रोजी निवृत्त होत आहेत. १ जूनला नव्या मोठ्या बाई कार्यभार घेतील. सकाळी चर्चमध्ये छोटी उपासना होईल, बिशप आशीर्वाद देतील, कार्यालयाच्या किल्ल्या त्यांच्या हाती सोपवल्या जातील. कुठल्याही धर्माचे असा, या. शाल, श्रीफळ, हार आणि चौकातला फ्लेक्स यांवर मात्र कुणी एक रुपयाही खर्च करू नये, ही पहिली विनंती. तो पैसा आणि तुमचा वेळ पुढच्या कामांना हवा आहे.

अनुदानित शाळेत नवी मुख्याध्यापिका खुर्चीत बसली की कारभार सुरू झाला, असं होत नाही. अल्पसंख्याक संस्था म्हणून मुख्याध्यापिका निवडण्याचा अधिकार राज्यघटनेच्या कलम ३० (१) मुळे संस्थेला आहे. पण वैयक्तिक मान्यता आणि सहीचे अधिकार यांचं पत्र शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्या कार्यालयातूनच येतं. ते येईपर्यंत वेतन देयकावर नव्या बाईंची सही चालत नाही आणि बँकेतही नमुना सही बदलून मिळत नाही. चाळीस घरांचा पगार अडकतो तो इथे. प्रस्ताव परत येतो तेव्हा कारणं अगदी बारीक असतात. ठरावाच्या प्रतीवर सभेची तारीख नसते, सेवाज्येष्ठता यादीवर एखाद्या शिक्षकाची सही राहिलेली असते, किंवा पदवीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं नाव आणि सेवापुस्तकात सासरचं, पण नावबदलाचं राजपत्र जोडलेलं नसतं. शिक्षण विभागात किंवा वेतन पथकात काम केलेल्या दोन निवृत्त व्यक्ती मे महिन्यात चार दिवस बसल्या आणि त्यांनी प्रस्तावाचं प्रत्येक पान तपासून दिलं, तर एवढ्याने मोठं काम होईल. यासाठी पैसे नकोत, ती नजर हवी.

कार्यभाराची यादी तीन प्रतींत करायची आहे : एक जाणाऱ्या बाईंकडे, एक येणाऱ्या बाईंकडे, एक संस्थेकडे. कीर्द, खतावणी, सेवापुस्तकं, जडवस्तू संग्रह नोंदवही, पोषण आहाराचा साठा, यू-डायस प्लस (शाळेची माहिती भरण्याची सरकारी प्रणाली) आणि शालार्थ (पगाराची प्रणाली) यांचे पासवर्ड असं सगळं त्यात येतं. तांदूळ वजन करूनच लिहावा, पोती मोजून नव्हे. अर्धी पोती पूर्ण धरली जातात आणि पहिल्याच तपासणीत तो फरक नव्या बाईंच्या नावावर येतो.

आता मुख्य काम : जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलीची नोंदवही. हे शाळेचं कायमचं दप्तर आहे, ते कधीही नष्ट करता येत नाही. इंग्लंडमधल्या वाँटेज गावच्या मठातल्या अँग्लिकन सिस्टर्स १८७७ मध्ये पुण्यात आल्या. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये विलायतेला गेल्या त्या त्यांच्याच मठात राहिल्या. अँग्लिकन सिस्टर्सनी घालून दिलेल्या या परंपरेतल्या मुलींच्या शाळांत नोंदी फार काटेकोर ठेवल्या गेल्या. मुलीचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, धर्म, जात, वडिलांचा व्यवसाय, आधीची शाळा असे रकाने त्यांत आहेत. आज या नोंदींचा उपयोग सर्वांत जास्त होतो तो जात पडताळणीसाठी. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. वडिलांकडच्या आत्याच्या किंवा आजोबांच्या बहिणीच्या नावाची एक ओळ आजच्या मुलीच्या प्रवेशासाठी मोलाचा पुरावा ठरते. ती ओळ वाळवीने खाल्ली, तर त्या घराजवळ दुसरं काही उरत नाही.

आपल्या शाळेत अशी २२ जुनी रजिस्टरं आहेत. जुनी शाई लोहयुक्त असल्याने अक्षरांच्या जागीच कागद कुरतडला गेला आहे. काही पानांवर पूर्वी सेलोटेप लावली गेली; तिचा गोंद पिवळा होऊन झिरपला आणि खालची अक्षरं गेली. लॅमिनेशन तर कुणी सुचवूही नये. उष्णतेने चिकटलेलं प्लास्टिक पुन्हा सुटत नाही आणि पान आत कुजत राहतं. फाटलेल्या कडेला गव्हाच्या खळीने पातळ जपानी कागद लावणं हाच मार्ग आहे, आणि ते काम जाणकाराकडूनच करून घ्यायचं आहे. दमट रजिस्टर उन्हात ठेवू नये, पंख्याखाली उभं करून पानं थोडी उघडी ठेवावीत.

प्रत काढताना शिवण उसवायची नाही, पानं ओढून घेणाऱ्या यंत्रातही घालायची नाहीत. वरून कॅमेरा, दोन बाजूंनी दिवे, खाली काळं कापड. एका रजिस्टरात साधारण २०० पानजोड्या धरा. एकाने पान उलटायचं, दुसऱ्याने फोटो घ्यायचा, तासाला साठ जोड्या होतात; म्हणजे एका रजिस्टराला साडेतीन तास. सगळ्या कामाला ७७ तास लागतील. दोन तासांच्या पाळ्या केल्या तर ३९ पाळ्या, प्रत्येक पाळीला दोघी. दोन तासांहून जास्त बसू नका, कारण थकलं की पान सुटतं आणि क्रमांक चुकतो. प्रत्येक फोटोच्या नावात रजिस्टर क्रमांक आणि पान क्रमांक तिथल्या तिथे घालायचा. स्वतःचा मोबाइल खोलीबाहेर राहील. या नोंदींत लोकांची जात आणि जन्मतारीख आहे, त्यातलं एकही पान व्हॉट्सअ‍ॅपवर जाता कामा नये. आणि पेनने दुरुस्ती अजिबात नाही. विद्यार्थिनीने शाळा सोडल्यावर नोंदीत बदल करायला शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते; चुकीची दिसणारी नोंदही आहे तशीच टिपायची.

यासाठी हव्या असलेल्या वस्तू : आम्लरहित पुठ्ठ्याच्या २२ पेट्या, दोन टेराबाइटच्या तीन हार्ड डिस्क (एक शाळेत, एक संस्थेत, एक बँकेच्या लॉकरमध्ये), कॅमेऱ्याचा उभा स्टँड, दोन एलईडी दिवे, एक लोखंडी कपाट. कपाट भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून वर ठेवायचं आहे. भिंतीला टेकलेल्या कपाटात ओल आणि वाळवी दोन्ही शिरतात.

दुसरी गरज मोठ्या बाईंच्या घराची. वसतिगृह आवारात असल्याने त्यांना रात्रीही तिथेच राहावं लागतं, आणि बंगलीचं छप्पर गळतं. छप्पर १४ ब्रासचं आहे (ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट), ब्रासला सुमारे १४० मंगळुरी कौलं लागतात, म्हणजे एकूण दोन हजारांच्या आसपास. त्यांतली चारशे फुटली आहेत, ६० कोने (छपराच्या माथ्यावरची कौलं) बदलायचे आहेत. इथे एक सांगणं आवश्यक आहे : मिळतील ती कौलं देऊ नका. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढला, नंतर अनेक कारखाने निघाले आणि प्रत्येकाच्या खाचा थोड्या वेगळ्या. दोन छापांची कौलं एकमेकांत बसत नाहीत आणि पाणी नेमकं त्या फटीतून येतं. कौलाच्या पाठीवरचा छाप आमच्याकडच्या नमुन्याशी जुळवून मगच आणा. जुने वाडे पाडणाऱ्यांकडे अशी कौलं मिळतात. चांगल्या कौलावर बोटाने टकटक केलं की खणखणीत आवाज येतो. बद्द आवाज आला तर आत तडा आहे. कोने बसवताना निव्वळ सिमेंट वापरायचं नाही, ते उन्हात तडकतं. चुना मिसळलेला मसाला हवा. कुजलेल्या रिपा आणि दोन वासेही याच वेळी बदलायचे आहेत. हे सगळं ५ जूनच्या आत व्हायला हवं. एकदा पाऊस लागला की कौलं चाळता येत नाहीत.

पैशांबाबत. देणगी धनादेशाने किंवा बँकेतून थेट द्यावी, पॅन क्रमांक कळवावा आणि पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. रोख २,००० रुपयांपेक्षा जास्त दिलेल्या देणगीवर प्राप्तिकराची सवलत मिळत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या माजी विद्यार्थिनींनी कृपया पैसे पाठवू नयेत. कायद्याने ती परकीय देणगी ठरते आणि आमच्या समितीकडे त्यासाठीची नोंदणी नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्या, पण बाहेर नोकरी करणाऱ्या मुली आपल्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतात. "छपरासाठी" किंवा "रजिस्टरांसाठी" असं पत्रात लिहिलंत तर रक्कम त्याच कामाला जाईल. जमाखर्च दर शनिवारी शाळेच्या फलकावर लावला जाईल.

रजिस्टरांच्या पाळ्या ४ मेपासून रोज सकाळी ८ ते १० आणि १० ते १२ अशा आहेत, रविवार सोडून. नाव कार्यालयातल्या वहीत लिहावं. येताना हात धुऊन, कोरडे करून यावं. क्रीम, मेंदी आणि अंगठ्या नकोत.

माजी विद्यार्थिनी व पालक मदत समिती