कोकम सरबत जरूर प्यावे, पण पंप सोडू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकम, आवळा, हळद यांत अँटिऑक्सिडंट असतात, म्हणून ती दम्यावर गुणकारी, अशा आशयाचा मजकूर आपल्या आरोग्य पुरवणीत वाचला. राजापूर तालुक्यात माझे औषधांचे दुकान आहे. असे काही छापून आले की नेहमीची माणसे दम्याचा पंप (तोंडाने ओढायच्या औषधाचा, म्हणजे इनहेलर) न्यायला येईनाशी होतात, आणि मग रात्री-अपरात्री धाप लागली म्हणून त्यांच्या घरून फोन येतो.

दम्यात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, म्हणजे अँटिऑक्सिडंट ज्यांना आवर घालतात अशा उपद्रवी रेणूंचा अतिरेक असतो, एवढे त्या मजकुरातले खरे आहे. चुलीचा, भाजावळीचा (पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळण्याचा), काजू भाजण्याचा धूर छातीत गेला की श्वासनलिकेत सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड असे उपद्रवी रेणू वाढतात. सूज आलेल्या जागी जमलेल्या पांढऱ्या पेशीही तेच रेणू सोडत राहतात. श्वासनलिकेभोवती स्नायूचा वेढा असतो आणि तो आपल्या इच्छेने हलत नाही. या रेणूंमुळे स्नायूच्या पेशीत साठवलेले कॅल्शियम बाहेर पडते. ते परत आत ओढणारी यंत्रणा मंदावते. कॅल्शियम वाढले की स्नायू आवळतो. त्यातच ऱ्हो-कायनेज नावाचे विकर स्नायू सैल करणाऱ्या विकराला अडवून धरते. त्यामुळे कॅल्शियम पुन्हा उतरले तरी नळी लगेच मोकळी होत नाही. आज भाजावळ झाली आणि उद्याही छाती घट्टच, असे रुग्ण सांगतात ते यामुळेही असू शकते.

मात्र सरबतातले अँटिऑक्सिडंट पोटातून रक्तात आणि तिथून त्या स्नायूपर्यंत पुरेसे पोहोचतात, याला आधार नाही. क आणि ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन दमेकऱ्यांवर चाचण्या झाल्या, त्यांतही ठोस फायदा दिसलेला नाही. कोकमाचा मी स्वतः भोक्ता आहे. उन्हाळ्यात ते प्यावेच, पण औषध म्हणून नव्हे.

निळ्या पंपाबद्दलही लिहायला हवे. त्यातले साल्बुटामॉल काही मिनिटांत स्नायू सैल करते, चार-सहा तास आराम देते; सूज मात्र तशीच राहते. त्वरित बरे वाटते म्हणून लोक तेवढाच पंप मागतात आणि सूज उतरवणारा स्टिरॉइडचा पंप 'सवय लागेल' म्हणून नाकारतात. सवय वगैरे काही लागत नाही. प्रौढांना आणि १२ वर्षांवरील मुलांना नुसता निळा पंप देऊ नये, असे 'जिना' ही दम्यावरील जागतिक संस्था २०१९ पासून सांगते. विडी ओढणाऱ्यांत स्टिरॉइडचा गुण कमी येतो. त्यामागेही हाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस असल्याचे संशोधन आहे.

धूर टाळणे हा खरा उपाय. आमच्याकडे गॅस आला तरी पाणी तापवायला परसात चूल पेटतेच, आणि तिथे बसते ती बहुधा घरातली म्हातारी. भाजावळ सुरू होण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रांनी दमेकऱ्यांकडे दोन्ही औषधे आहेत ना, ती नीट ओढता येतात ना, हे पाहावे. आणि आपण यापुढे घरगुती उपाय छापताना 'चालू औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये' ही ओळ त्याच चौकटीत, ठळक अक्षरात द्यावी, ही विनंती.

आपला,
एक औषधविक्रेता, राजापूर (जि. रत्नागिरी)