खोल समुद्राचे पैसे घेऊन उथळ पाण्यात नेल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
सागरी सहल विभाग

विषय : ठरलेली खोली न गाठणे, नादुरुस्त रीळ, अपुरी लाइफ जॅकेट व अपुरा बर्फ यांबाबत.

महोदय,

सोलापूरच्या आमच्या युवक मंडळाच्या १४ सभासदांनी फेब्रुवारीत आपल्यामार्फत मालवणहून खोल समुद्रातील मासेमारीची सहल केली. माणशी २,२०० रुपये आगाऊ भरले. पावतीवर ४० मीटर खोली, सहा तास, रीळ-गळ-आमिष आणि बर्फपेटी असे स्पष्ट लिहिले आहे.

आधी खोलीचे. लाँचवरच्या फिशफाइंडरचा (पाण्याची खोली दाखवणाऱ्या यंत्राचा) आकडा १६ मीटरच्या पुढे गेलाच नाही. फोटो जोडले आहेत. कोकणात समुद्राचा तळ फार हळू उतरतो, त्यामुळे खोल पाण्यासाठी बरेच बाहेर जावे लागते. आठ नॉट वेगाची लाँच तासाला जेमतेम १५ किलोमीटर कापते. सहा तासांतले जाण्यायेण्याचे चार गेले तर गळाला दोनच उरतात. त्यात डिझेल भरलेले नसल्याने निघायला दीड तास उशीर झाला आणि परतीची वेळ मात्र तीच राहिली. ४० मीटर गाठता येणार नाही, हे धक्क्यावरच सांगायला हवे होते.

रिळांची अवस्था याहून वाईट होती. सहापैकी चार रिळांचा ड्रॅग जाम होता. मासा ओढू लागला की ड्रॅगने ठरावीक ताणावर दोरी सोडायची असते. दोरी जेवढा ताण सोसते त्याच्या पाव ते एक तृतीयांशावर तो लावतात. खारे पाणी आत सुकले की वॉशर चिकटतात, ड्रॅग आधी अडून बसतो, मग एकदम सुटतो आणि त्या झटक्याला दोरी जाते. तीन मोठे मासे असेच गेले. सुरमईने दाताने कापले असते तर दोरीचे टोक साफ दिसले असते. आमच्या तिन्ही दोऱ्यांची टोके ताणून कुरळी झालेली होती. एक रीळ उघडले तर आत मिठाचा पांढरा थर आणि मेणासारखे घट्ट झालेले ग्रीस. दर फेरीनंतर रीळ गोड्या पाण्याने धुऊन, सुकवून, ड्रॅग ढिला करून ठेवणे हे पाच मिनिटांचे काम आहे.

दोरी साधी नायलॉनची होती. ती ताणली जाते, त्यामुळे ४० मीटरवर माशाचा ठोका हाताला नीट कळत नाही. तिथे न ताणणारी, विणलेली दोरी आणि पाण्याची ओढ पाहून २०० ग्रॅमच्या पुढचे शिसे लागते. आपण ६० ग्रॅमचे दिले. हा सरंजाम उजनीच्या काठावर चालेल. आमिषाचे म्हाकूळ (स्क्विड) एकदा वितळून पुन्हा गोठवलेले, गळाला लावताच गळून पडणारे.

सर्वांत गंभीर बाब अशी की खलाशांसह १६ माणसांना लाइफ जॅकेट ११ होती आणि त्यांतल्या तीन जॅकेटांचे बकल तुटलेले. यावर कोणताही खुलासा आम्हाला मान्य नाही.

बर्फाची एकच अखंड लादी होती. आपल्या हवेत किलोभर माशाला किलोभर बर्फ लागतो, तोही फोडून थराथराने. आमचे मासे सुमारे १४ किलो, बर्फ आठ किलो, आणि सोलापूर आठ-नऊ तासांवर. कुपा (ट्यूना) तापला की त्यात हिस्टामिन हे विषारी द्रव्य तयार होते. शिजवूनही ते जात नाही आणि खाणाऱ्याच्या अंगाला खाज, लाली येते. म्हणून कुपा वाटेतच टाकून द्यावा लागला.

तांडेल (लाँच चालवणारा प्रमुख) आणि खलाशी यांची यात काही चूक नाही. मिळालेल्या साहित्यात त्यांनी शर्थ केली; त्यांच्या मजुरीतून एक रुपयाही कापू नये.

आपल्याच दरपत्रकानुसार साहित्याचे माणशी ५००, बर्फपेटीचे २०० आणि उथळ व खोल सहलीतील फरकाचे ७०० असे १,४०० रुपये, म्हणजे १४ जणांचे १९,६०० रुपये १५ दिवसांत परत करावेत. अन्यथा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करू. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात ती दाखल करता येते.

जॅकेटची संख्या मात्र पुढच्या फेरीआधीच पुरी करावी. रीळ उघडून साफ करायला १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीचे दोन महिने आपल्या हाताशी आहेत.

आपले,
युवक मंडळाचे सभासद,
सोलापूर

सोबत : पावतीची प्रत, फिशफाइंडर, रीळ व जॅकेट यांचे फोटो.