पर्यावरणाचा तास शाळेच्या टाकीपासून सुरू व्हावा

महोदय,

शाळेत शाश्वत विकास आणि जागतिक नागरिकत्व शिकवायला हवे, याबद्दल आता कोणाचे दुमत नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या १७ उद्दिष्टांमधले ४.७ हे लक्ष्य नेमके त्यासाठीच आहे, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात त्याचा उल्लेख आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने तर १९९१ मध्येच पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले होते. तिसरीपासून ‘परिसर अभ्यास’ आहे, पुढे माध्यमिकला ‘जलसुरक्षा’ आहे. अडते ते वेगळ्याच ठिकाणी. स्टेशनरीच्या दुकानातून तयार चित्रे आणायची, प्रकल्पवहीत चिकटवायची, खाली चार ओळी उतरवायच्या, श्रेणी घ्यायची, की विषय संपला. ५ जूनचा पर्यावरण दिनही आपल्या राज्य मंडळाच्या शाळा उघडण्याआधी येतो आणि जूनच्या उत्तरार्धात घोषणांच्या फलकांवर उरकला जातो. यात मुलाने स्वतः काहीच मोजलेले नसते. जे मोजले नाही त्याबद्दल त्याला प्रश्नही पडत नाहीत.

म्हणून एक सूचना. आठवी-नववीच्या वर्गांनी वर्षभर एकच गोष्ट हाती घ्यावी : आपल्या शाळेचे पाणी. पंधरवड्याला एक जोडतास पुरेसा आहे. सामान म्हणजे मोजपट्टी, एक लिटरची बाटली, १०० मिलिलिटरचे मोजपात्र आणि एक जाड नोंदवही.

सुरुवात गळतीपासून करावी. रात्री एकदा, सकाळी एकदा मीटर वाचायचा आणि फरक म्हणजे गळती धरायची, असे बऱ्याच ठिकाणी सुचवले जाते. मुंबईत ते चालत नाही. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेतच येते, ते आधी तळटाकीत पडते आणि तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढते. मीटर फक्त पाणी येण्याच्या वेळेत फिरतो, त्यामुळे टाकीनंतर कुठे पाणी वाया जाते ते त्यावर दिसतच नाही. मोजायची ती गच्चीवरच्या टाकीतली पातळी. शनिवारी शाळा सुटल्यावर पंप बंद करून शिपाईकाकांनी टाकीत सरळ काठी उभी सोडावी आणि ओली खूण मोजावी, सोमवारी पहिल्या घंटेआधी पुन्हा मोजावी. मुलांना टाकीवर चढू देऊ नये, त्यांनी खाली थांबून नोंद घ्यावी आणि हिशोब करावा. टाकी आतून ३ मीटर लांब आणि २ मीटर रुंद असेल, तर १ सेंटिमीटर म्हणजे ६० लिटर. चाळीस तासांत पातळी ८ सेंटिमीटर उतरली, तर ४८० लिटर गेले, म्हणजे तासाला १२ लिटर, आणि तेही शाळेत कोणी नसताना.

हा आकडा चुकतो कसा, तेही मुलांना कळले पाहिजे. इमारतीत रात्रशाळा भरत असेल, रविवारी परीक्षा केंद्र किंवा सभा असेल, तर ती नोंद बाद. रखवालदार रात्री पाणी वापरतो, त्याला शनिवारी एक पिंप भरून द्यावे. काठी दरवेळी त्याच जागी सोडावी, कारण टाकीचा तळ उताराचा असतो. आणि एका शनिवारवर विसंबू नये. तीन नोंदी जवळपास सारख्या आल्या, तरच त्या धराव्यात.

मग गळती शोधायची. ठिबकणाऱ्या नळाखाली मोजपात्र १० मिनिटे धरावे. ५० मिलिलिटर जमले, तर दिवसाला ७.२ लिटर. शाळांमध्ये मोठी गळती बहुधा नळाला नसते, फ्लशच्या टाकीत असते. ती दिसत नाही, आवाजही करत नाही. टाकीत खाण्याच्या रंगाचे आठ-दहा थेंब टाकावेत, वीस मिनिटे कोणाला फ्लश करू देऊ नये. भांड्यात रंग उतरला, तर आतला रबरी वॉशर झिजला आहे. भाग किरकोळ किमतीचा असतो, पण तो बदलायला सांगणारे कोणी नसते.

नागरिकशास्त्राचा खरा धडा इथे सुरू होतो. मुलांनी मोजमापासह मुख्याध्यापकांना अर्ज लिहावा. दुरुस्ती शाळेच्या हातात नसेल, तर तो अर्ज महापालिकेच्या विभाग कार्यालयाकडे किंवा संस्थेच्या व्यवस्थापनाकडे जावा, त्याची पोच घ्यावी, आवक क्रमांक नोंदवहीत लिहावा आणि पंधरा दिवसांनी स्मरणपत्र पाठवावे. दुरुस्तीनंतर पुन्हा शनिवार-सोमवारची मोजणी करावी. लोकशाहीत काम कसे होते आणि कुठे अडते, हे या एका फाइलमधून जेवढे समजते तेवढे पुस्तकातल्या पाच पानांतून समजत नाही.

घरच्या पाण्याची नोंद मात्र फार जपून करावी. ‘तुमच्या घरी रोज किती लिटर पाणी लागते?’ असा गृहपाठ सर्रास दिला जातो आणि मग वर्गासमोर आकडे वाचले जातात. मुंबईच्या एकाच वर्गात टॉवरमधले मूल असते आणि वस्तीतल्या सामाईक नळावर पहाटे रांग लावणाऱ्या घरातलेही असते. आकडे नावानिशी वाचले की एकाला श्रीमंतीची लाज वाटते, दुसऱ्याला गरिबीची. बिननावाच्या चिठ्ठ्या घ्याव्यात, त्यावर फक्त घरातली माणसे आणि हंडे-बादल्यांची संख्या असावी. त्याआधी प्रत्येकाने आपली बादली लिटरच्या बाटलीने मोजून घ्यावी, कारण बादली १२ लिटरचीही असते आणि २० चीही. माणशी कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडा फळ्यावर मांडला, की एवढा फरक का, हा प्रश्न मुलेच विचारतात. शाळेसाठीचे मानकही शेजारी लिहावे : दिवसाच्या शाळेत विद्यार्थ्यामागे ४५ लिटर.

यानंतर तलावांकडे जावे. पावसाळ्यात वृत्तपत्रांत मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांच्या साठ्याचे आकडे रोज येतात. ते मुलांनी आलेखावर उतरवावेत. एकूण उपयुक्त साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर, शहराचा रोजचा पुरवठा सुमारे ३,९०० दशलक्ष लिटर. भागाकार केला की उत्तर येते साधारण ३७० दिवस. तलाव काठोकाठ भरले, तरी पुरवठा जेमतेम वर्षाचा, आणि त्यातून बाष्पीभवन वजा करायचे. पावसाळा सरतानाच्या, म्हणजे १ ऑक्टोबरच्या साठ्याला एवढे महत्त्व का आणि जूनमध्ये पाऊस लांबला की कपात का येते, हे मग कोणी सांगावे लागत नाही.

या पाण्याचा निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या भातसा तलावाचा. भातसा आणि तानसा हे दोन्ही तलाव ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या कितीतरी गावपाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. जागतिक नागरिकत्व परदेशी शाळेशी व्हिडिओ कॉल करून सुरू होत नसते. आधी शहापूरशी बोलावे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या एका शाळेशी जोडी जमवावी आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात, परीक्षांआधी, दोन्ही शाळांनी तेच मोजावे : माणशी किती लिटर, पाणी किती अंतरावरून येते, आणायला कोण जाते, किती वेळ लागतो. तक्त्यांची अदलाबदल व्हावी, पत्रे लिहिली जावीत. वह्या आणि जुने कपडे वाटण्याचा कार्यक्रम मात्र कटाक्षाने टाळावा. ज्यांच्या खोऱ्यातले पाणी आपण पितो, त्यांच्याकडे देणगीदार म्हणून जाणे बरे नव्हे.

तिथून जगाकडे जायला गणवेशाचा सुती शर्ट पुरतो. २५० ग्रॅम सुती कापडामागे जागतिक सरासरीने सुमारे २,५०० लिटर पाणी लागते. हा आकडा भिंतीवर लावून थांबू नये, कारण पाणी कुठले, हे त्यात कळत नाही. विदर्भातला बहुतांश कापूस पावसावर येतो. मध्य आशियात अमुदर्या आणि सिरदर्या या नद्यांचे पाणी १९६० नंतर कापसाच्या कालव्यांत वळवले गेले आणि एके काळी जगातले चौथे मोठे सरोवर असलेला अरल समुद्र बहुतांश आटला. लिटर सारखेच असले, तरी परिणाम सारखे नाहीत. मुंबईच्या मुलांना तर या धाग्याचे दुसरे टोकही दाखवता येते : अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५ या काळात, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला तेव्हा इथल्या कापसाची मागणी वाढून मुंबईच्या बाजारात पैसा धो धो आला, आणि युद्ध संपताच बाजार कोसळला.

आता मूल्यमापन. वहीच्या सजावटीला गुण असतील, तर मुले सजावटच करतील. २० गुण धरले, तर ८ नोंदींच्या सातत्याला, ५ हिशोबाला, ४ पत्रव्यवहार आणि पाठपुराव्याला, ३ तोंडी चर्चेला द्यावेत. चुकलेली नोंद खोडली नाही आणि का चुकली ते शेजारी लिहिले, तर पूर्ण गुण मिळावेत. हे न केल्यास आदल्या रात्री बसून वर्षभराचे आकडे रचले जातील.

शिक्षण विभागाने आणि महापालिकेने यासाठी नवीन पुस्तक काढू नये. तीन गोष्टी कराव्यात : अशी नोंदवही श्रेणीसाठी ग्राह्य धरणारे परिपत्रक एप्रिलमध्येच काढावे, प्रत्येक शाळेला तिच्या टाक्यांची मापे आणि पाणीबिलांच्या प्रती द्याव्यात, आणि मुलांच्या दुरुस्ती-अर्जांना विभाग कार्यालयातून तीस दिवसांत लेखी उत्तर जाईल अशी व्यवस्था करावी. शिक्षकांकडे निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे आधीच आहेत, तेव्हा हा जोडतास वेळापत्रकातच छापलेला हवा, नाहीतर तो पहिल्या चाचणीनंतर गणिताच्या जादा तासाला जाईल.

– एक विज्ञान शिक्षिका, भांडुप