टॅमवर्थची बाई आणि आपली आत्या

प्रिय सुमे,

दादाने पाठवलेला स्मरणिकेचा मजकूर तुलाही आला असेल. मी तो पुन्हा पुन्हा चाळला. छापखान्याच्या सबंध इतिहासात आत्या कुठे आहे, तर ‘याच साली अण्णांच्या भगिनी निवर्तल्या’. संपलं! सुमे, माझा जीव नुसता तळमळतोय, आणि हे तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

माझी तब्येत ठीक आहे, गुडघाही बरा आहे.

इथून टॅमवर्थ जवळच आहे. तिथे किल्ल्याच्या पायथ्याशी एथेलफ्लेडचा पुतळा आहे, हातात तलवार आणि कुशीत लहानगा भाचा अ‍ॅथलस्टन. ती इंग्लंडातल्या वेसेक्सच्या आल्फ्रेड राजाची थोरली लेक, शेजारच्या मर्सिया राज्यात दिलेली. अर्धं मर्सिया तेव्हा डेन्मार्ककडून आलेल्या डेन लोकांनी गिळलेलं होतं. 911 मध्ये नवरा गेला आणि कारभार तिने हाती घेतला. मग दरसाल तटबंदी: 912 ला ब्रिजनॉर्थ, 913 ला टॅमवर्थ आणि स्टॅफर्ड, पुढे वॉरिक, रनकॉर्न. 917 ला डर्बी घेतलं. 918 च्या सुरुवातीला लेस्टर लढाईशिवायच हाती आलं. यॉर्कची माणसंही तिला मानायला तयार झाली होती, तोच 12 जूनला ती टॅमवर्थमध्ये गेली.

आणि तिच्या भावाच्या राज्यातल्या, विंचेस्टरच्या बखरीत या सगळ्याचं काय आहे? ती गेल्याची नोंद, तीही एडवर्ड राजाची बहीण म्हणून! दादाची ओळ वाचली आणि मला हेच आठवलं.

तू आता म्हणशील, नाणी कुणाच्या नावाची होती? एडवर्डच्याच. हॉस्टेलात ताराबाईंवरून तू हेच धरून बसली होतीस: कारभार धाकट्या शिवाजीच्या नावाने, म्हणजे राज्य त्याचं. त्या भांडणात तू माझ्याशी बोलणं टाकलंस, पण माझ्या डब्यातले बेसनाचे लाडू काही टाकले नाहीस! मी आजही तेच म्हणते. पावतीपुस्तकावर अण्णांचं नाव होतं, म्हणून छापखाना अण्णांनी चालवला का? लग्नसराईत रात्री दीडला अक्षरांचे खिळे जुळवत कोण बसायचं? खिळा उलटा असला तरी तिला नुसत्या बोटाला कळायचं. नखांतली शाई हळदीकुंकवालाही तशीच. अण्णा तेव्हा कुठे असायचे ते तुला ठाऊक आहे.

एथेलफ्लेडचं आपल्याला कळलं ते मर्सियातल्या कुणीतरी वेगळी टिपणं ठेवली म्हणून. 902 ते 924, जेमतेम पानं-दोन पानं. पुढे ती दुसऱ्या बखरींत उतरवली गेली म्हणून टिकली. त्यात तिचे किल्ले सालवार आहेत. डर्बीच्या वेशीच्या आत तिचे चार सरदार पडले, ते तिच्या जिवाभावाचे होते, हेही लिहून ठेवलंय. लढाईच्या नोंदीत एवढं कोण लिहितं? लिहिणाऱ्याला तिच्याबद्दल माया असणार, असं मला मनापासून वाटतं.

तिच्यामागे सत्ता लेकीकडे गेली, एल्फविनकडे. त्याच डिसेंबरात मामाने तिचा सगळा अधिकार काढून घेतला आणि तिला वेसेक्सला नेलं. हेही त्याच टिपणांत आहे. पुढे तिचं नाव नाही. आत्याच्या मंजूकडून छापखान्याच्या किल्ल्या घेतल्या त्या दिवशी तू तिथे होतीस, सुमे. मी नव्हते. मंजू त्याबद्दल बोलत नाही आणि मला तिला विचारवत नाही.

म्हणून तू लिही. दादाशी भांडायचं नाही, ते मी बघते. पायाने चालवायचं ते ट्रेडल छपाईयंत्र कुठल्या साली आलं, कर्ज कुणी फेडलं, त्या निवडणुकीत पत्रकं छापायला आत्याने साफ नकार दिला तेव्हा दारात कोण उभं होतं, जे आठवेल ते साल घालून लिही. तुझं अक्षर भयंकर आहे, पण मला लागतं. मी टाइप करून मंजूला पाठवते. दादाने छापलं तर उत्तम, नाहीतर आपण छापू.

चिनूच्या बारावीचं काय झालं? तुझ्या बदलीचं? काकूंना नमस्कार. आणि सुरुवात ट्रेडलपासून कर, ते तू मला एकदा सांगितलं होतंस.

तुझीच,
नलू