गाठीचे अचूक निदान व्हावे, यासाठी तपासणी निधीस मदतीचे आवाहन

तालुक्यातील सर्व नागरिकांस सविनय कळविण्यात येते की, स्त्रियांच्या दुर्मीळ कर्करोगांच्या फेरतपासणीसाठी आमच्या रुग्णसाहाय्य समितीने स्वतंत्र निधी उभारण्याचे ठरविले आहे.

गर्भाशयातील फायब्रॉइड ही बहुतेक वेळा निरुपद्रवी गाठ असते; परंतु लायोमायोसार्कोमा हा दुर्मीळ कर्करोग सोनोग्राफीत हुबेहूब तिच्यासारखा दिसू शकतो, आणि म्हणूनच अशी गाठ पोटातच यंत्राने बारीक करून काढल्यास लपलेला कर्करोग पोटात पसरू शकतो, याबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये इशारा दिला होता. याच्या उलटही घडते. पोटाच्या क्षयरोगात पाणी साठते, अंडाशयाजवळ गाठ दिसते, रक्तातील सीए-१२५ हे अंडाशयाच्या कर्करोगात वाढणारे प्रथिन वाढते आणि सगळी लक्षणे अंडाशयाच्या कर्करोगाकडे बोट दाखवितात. वास्तविक तो आजार औषधांनी बरा होणारा असतो. ग्रॅन्युलोसा पेशींची गाठ, म्हणजे अंडाशयातील एक दुर्मीळ कर्करोग, तर सूक्ष्मदर्शकाखालीही चकविते. प्रौढ स्त्रियांतील या गाठीत बहुतांशी फॉक्सएल२ जनुकातील एकच ठरावीक बदल आढळतो, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून शंकेचे निरसन पुष्कळ सोपे झाले आहे. ही गाठ दहा-वीस वर्षांनीही उलटू शकते, त्यामुळे सुरुवातीलाच निदान चुकले तर पुढील तपासण्या वेळेआधीच थांबण्याची भीती असते.

पेशींतील विशिष्ट प्रथिने रंगवून पाहणारी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री आणि जनुकीय चाचणी आपल्या तालुक्यात होत नाहीत. त्यासाठी रुग्णाने स्वतः मुंबई-पुणे गाठावे असे बहुधा नसते. गाठीचा तुकडा बसविलेला, काडेपेटीहून लहान असा मेणाचा ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड पोहोचल्या की काम होते. मात्र अशा चाचणीत एका मार्करवर, म्हणजे रंगवून पाहिलेल्या एका प्रथिनावर, क्वचितच भागते आणि प्रत्येक मार्करचे पैसे वेगळे लागतात, म्हणून शस्त्रक्रियेच्या बिलाने आधीच टेकीला आलेली कुटुंबे पहिल्याच अहवालावर थांबतात. त्यांना दोष कसा द्यावा?

आपण यथाशक्ती देणगी द्यावी. देणगी समितीच्या कार्यालयात रोख अथवा धनादेशाने स्वीकारून पावती दिली जाईल, आणि चाचणीचे पैसे समिती थेट प्रयोगशाळेस भरील. ज्यांचे मुंबईस नियमित जाणे-येणे असते, त्यांनी ब्लॉक पोहोचविण्यासाठी नावे नोंदवावीत. उन्हाळ्यात ब्लॉक गाडीच्या डिकीत ठेवू नयेत, कारण मेण मऊ पडते. ज्या घरी अशी शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी ब्लॉक रुग्णालयातून लेखी अर्ज देऊन मागून घ्यावा व मूळ अहवालाच्या प्रतीसह समितीकडे यावे.